स्टेंट बसला, आता पुढचं वर्ष सांभाळा

अँजिओप्लास्टी करून माणूस घरी आला की भेटायला येणाऱ्या पै-पाव्हण्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, ‘आता काळजी नाही ना?’ घरच्यांचं उत्तरही ठरलेलं, ‘काही नाही आता. स्प्रिंग घातलीय, नस मोकळी झाली.’ बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात हे उत्तर इतक्या घरांत ऐकू येतं की त्याबद्दल नीट, सविस्तर लिहायला हवं. नस मोकळी झाली हे खरं. ती मोकळी राहते की नाही, हे मात्र बहुतेक वेळा पुढच्या सहा ते बारा महिन्यांत ठरतं. ते ठरवणाऱ्या गोष्टींत तिच्यातून वाहणारं रक्तही येतं, आणि त्याबद्दल रुग्णाला सहसा कुणी सांगत नाही.

स्टेंटच्या जागी धमनी पुन्हा अरुंद होण्याला डॉक्टर रिस्टेनोसिस म्हणतात. अँजिओग्राफीत तिथली रुंदी निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटलेली दिसली की हे निदान होतं. नुसत्या धातूच्या स्टेंटांच्या काळात शंभरातल्या २० ते ३० जणांच्या वाट्याला हे यायचं. औषधाचा लेप असलेले स्टेंट आले आणि हे प्रमाण साधारण ५ ते १० वर आलं. म्हणजे बहुतेकांची नस मोकळीच राहते, धास्ती घेण्याचं कारण नाही. पण मधुमेह असेल, धमनी बारीक असेल, स्टेंट लांबलचक असेल किंवा धमनीच्या फाट्यावर बसवलेला असेल, मूत्रपिंडं अधू असतील, तर धोका वाढतो.

भिंतीला लागणारी ओढ

रक्त धमनीच्या भिंतीवर दोन तऱ्हांनी जोर लावतं. एक जोर बाहेरच्या दिशेने, तो रक्तदाब. दुसरा वाहण्याच्या दिशेने, भिंतीला घासून जाताना लागणारी ओढ. तिला शिअर स्ट्रेस म्हणतात. रक्तदाब आपण दंडाला पट्टा बांधून मोजतो. त्यातला वरचा १२० हा आकडा भौतिकशास्त्राच्या मापात सुमारे १६,००० पास्कल भरतो. हृदयाच्या निरोगी धमनीत भिंतीला लागणारी ओढ मात्र साधारण १ ते २.५ पास्कलच असते. इतका इवलासा जोर, पण धमनीच्या आतून पेशींचा जो एकपदरी थर असतो त्याला तो बरोबर कळतो. रक्त एका दिशेने, पुरेशा वेगाने घासून गेलं की या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन ओळीने बसतात आणि नायट्रिक ऑक्साइड सोडतात. हा वायू खालच्या स्नायूपेशींना वाढू देत नाही, प्लेटलेट चिकटू देत नाही. रक्तवाहिन्यांतलं त्याचं काम उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं. प्रवाह मंदावला किंवा जागच्या जागी भोवरा खाऊ लागला, तर त्याच पेशींची घडी विस्कटते, नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो आणि सूज वाढवणारी द्रव्यं तयार होऊ लागतात.

जोराचा प्रवाह भिंत खरवडतो आणि म्हणून अडथळे होतात, असं मत एकेकाळी मांडलं जात होतं. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजातल्या कॉलिन कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये नेमकं उलट मांडलं. चरबीचे थर ओढ कमी असलेल्या जागी धरतात, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पुढच्या संशोधनाने ते बळकट झालं. पावसाळा ओसरल्यावर वेदगंगेचं एखादं वळण पाहिलंत तर हे पटेल. वळणाच्या आतल्या अंगाला पाणी मंदावतं आणि तिथेच वाळू धरते. हृदयाच्या धमन्याही हृदयाच्या गोलाईवरून वळत जातात, त्यांना फाटे फुटतात. वळणाची आतली बाजू आणि फाट्यापाशी प्रवाहापासून लांब राहणारी बाहेरची भिंत, या त्यातल्या कच्च्या जागा. मात्र नदीत वाळू बाहेरून येऊन बसते आणि स्टेंटमध्ये जे वाढतं ते धमनीच्या भिंतीतल्याच जिवंत पेशींचं असतं. ‘नसा धुऊन काढणारा’ काढा तिथे काही करू शकत नाही, तो याच कारणाने.

आता स्टेंट बसवताना काय होतं ते पाहा. दुमडलेला फुगा अडथळ्यात नेऊन १२ ते २० वातावरणांच्या दाबाने फुगवतात. चरबीच्या थराला भेगा पडतात, आतला पेशींचा नाजूक थर खरवडला जातो आणि जाळी भिंतीत रुतून बसते. शरीराच्या दृष्टीने ही जखम आहे आणि जखम भरायला स्नायूपेशी पुढे सरकतात, वाढतात. थोडी वाढ हवीच, कारण जाळीच्या तारा झाकल्या गेल्या पाहिजेत. उघड्या तारेवर गुठळी धरते. वाढ मर्यादेबाहेर गेली की मात्र मार्ग पुन्हा बारीक होतो.

त्या जाळीची एकच तार डोळ्यासमोर आणा. जुन्या स्टेंटांत ती १३० ते १४० मायक्रॉन जाड असे, आजच्या बऱ्याच स्टेंटांत ६० ते ८० मायक्रॉन असते. १,००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. एवढीशी तार, पण रक्त तिच्यावरून उडी घेतं आणि तिच्या मागच्या आडोशाला बारीक भोवरा तयार होतो. त्या आडोशात भिंतीला ओढ जवळजवळ लागत नाही. तार जितकी जाड तितका आडोसा मोठा. रॉटरडॅमच्या संशोधकांनी २००१ मध्ये रुग्णांच्या धातूच्या स्टेंटांमध्ये ही ओढ जागोजागी काढून पाहिली. जिथे ती कमी, तिथे आतला थर जाड वाढलेला आढळला. त्याच वर्षी जर्मनीतल्या इसार-स्टीरिओ या चाचणीत एकाच घडणीच्या बारीक आणि जाड तारेच्या धातूच्या स्टेंटांची तुलना झाली. ५० मायक्रॉनच्या तारेत १५ टक्के रुग्णांना रिस्टेनोसिस झाला, १४० मायक्रॉनच्या तारेत सुमारे २६ टक्क्यांना. त्यानंतर तारा बारीक करण्याकडे सगळ्यांचाच कल वळला.

यात एक दिलासाही आहे. तेवढंच रक्त निम्म्या व्यासाच्या नळीतून जाऊ लागलं की भिंतीला लागणारी ओढ आठपट होते. म्हणजे मार्ग थोडा बारीक झाला की ओढ वाढते आणि वाढणाऱ्या पेशींना लगाम बसू लागतो. पुष्कळ जणांच्या स्टेंटमध्ये थर वाढून मध्येच थांबतो, त्यामागचं एक कारण हे असावं असं मानतात. पण स्टेंट मुळातच पुरता उघडला नसेल, तर थोड्याशा वाढीनेही वाट अडते. कॅल्शियम धरलेल्या कडक अडथळ्यात असं होण्याची भीती जास्त.

औषधी स्टेंटचं औषध पेशींची वाढच दाबून ठेवतं, म्हणून त्यांच्यात प्रवाहाचं आणि वाढीचं हे नातं पुसट होतं. यातलं पहिलं औषध, सिरोलिमस, ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जीवाणूपासून मिळालं आणि ते वेगळं काढण्यात मॉन्ट्रिअलमध्ये काम करणाऱ्या सुरेंद्रनाथ सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. साओ पाउलोत १९९९ च्या अखेरीला या औषधाचा पहिला स्टेंट माणसाच्या हृदयात बसला. आपल्याकडे फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीला वेसण घातली. औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. त्याआधी तोच स्टेंट लाखाच्या वर विकला जायचा. माझ्या मते सर्वसामान्य हृदयरुग्णासाठी गेल्या काही वर्षांत झालेला हा सगळ्यात मोठा निर्णय आहे.

आधी काय विचारायचं

झटका आला असेल तर प्रश्न विचारत बसू नका, धमनी उघडू द्या. पण पुष्कळदा अँजिओग्राफी झालेली असते, रुग्ण स्थिर असतो आणि ‘दोन दिवसांत ठरवून सांगा’ असं म्हटलेलं असतं. हे दोन दिवस वाया घालवू नका. मधुमेह आहे आणि दोन-तीन धमन्यांत अडथळे आहेत, तर ‘बायपास बरा की स्टेंट?’ हे सरळ विचारा. २०१२ च्या फ्रीडम चाचणीत अशा रुग्णांना बायपासचा फायदा जास्त झाला होता. अडथळा मध्यम वाटत असेल तर ‘प्रवाह खरंच अडलाय का, एफएफआर करून बघणार का?’ असं विचारा. या तपासणीत अडथळ्याच्या पुढे दाब किती उरतो ते बारीक तारेने मोजतात. आकडा ०.८० किंवा त्याखाली आला तर अडथळा खरा धरतात. डोळ्यांना मोठा दिसणारा प्रत्येक अडथळा रक्त अडवतोच असं नाही, आणि नको असलेला स्टेंट घातला नाही तर त्यात रिस्टेनोसिसही होणार नाही.

अडथळा फाट्यावर, मुख्य डाव्या धमनीत, लांब किंवा कॅल्शियमचा असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: ‘आतून बघून स्टेंट बसवणार ना?’ धमनीच्या आत बारीक अल्ट्रासाउंड नळी किंवा प्रकाशाची नळी घालून व्यास मोजता येतो, स्टेंट भिंतीला टेकलाय का, पुरता उघडलाय का हे दिसतं. त्यांना आयव्हस आणि ओसीटी म्हणतात. गुंतागुंतीच्या अडथळ्यांत यांचा वापर करावा, अशी ठाम शिफारस युरोप आणि अमेरिकेच्या अलीकडच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. खर्च वाढतो हे खरं. पण स्टेंट अर्धवट उघडला तर पुढे दुसऱ्यांदा टेबलावर झोपावं लागण्याची वेळ येते, आणि तो खर्च याहून मोठा आहे. हे प्रश्न विचारल्याने डॉक्टर रागावतील असं मनात आणू नका. चांगला हृदयरोगतज्ज्ञ आनंदाने सांगतो.

पैशांचं म्हणाल, तर बीपीएल कार्डधारक कुटुंबाला आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. कागदपत्रं कोणती लागतात आणि ज्या रुग्णालयात जाणार ते यादीत आहे का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

घरी आल्यावर

पहिली गोष्ट गोळ्या. ॲस्पिरिन आणि त्याच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल अशा दोन गोळ्या असतात. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर ही जोडी साधारण सहा महिने, झटक्यानंतर केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर बहुधा बारा महिने चालते. त्यानंतर त्यातली एक कायम राहते. ‘रक्त फार पातळ होईल’ म्हणून कित्येक जण एक दिवसाआड घेतात. असं करू नका. या गोळ्यांनी रक्ताचा दाटपणा बदलत नाही. त्या प्लेटलेटना एकमेकांना चिकटू देत नाहीत एवढंच. गोळ्या अचानक बंद केल्या तर झाकल्या न गेलेल्या तारेवर गुठळी धरून स्टेंट काही मिनिटांत बंद पडू शकतो. रिस्टेनोसिस हळूहळू होतो, ही गुठळी थेट झटका घेऊन येते. दाढ काढायची असो वा हर्नियाचं ऑपरेशन, गोळी थांबवायची की नाही हे फक्त हृदयरोगतज्ज्ञाने ठरवायचं. टिकाग्रेलॉरने काहींना दम लागल्यासारखं होतं. तसं झालं तर गोळी सोडू नका, डॉक्टरांना सांगा, बदलून देतील. हिरड्यांतून थोडं रक्त येणं किंवा त्वचेवर निळे डाग उठणं चालतं, पण शौचाला डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी दाखवा.

कोलेस्टेरॉलची गोळी बरेच जण रिपोर्ट चांगला आला की बंद करतात. रिपोर्ट चांगला येतो तो त्या गोळीमुळेच. एलडीएल ५५ च्या खाली ठेवावं असं आता सांगितलं जातं. काही वर्षांनी स्टेंटच्या आत नव्याने चरबीचा थर धरू शकतो, त्यालाही हीच गोळी आवर घालते. रक्तदाब १३०/८० च्या खाली आणि तीन महिन्यांची साखर ७ च्या आसपास असावी. मधुमेहात आतल्या थराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड नीट बनवू शकत नाहीत, त्यामुळे प्रवाह चांगला असूनही भिंतीला त्याचा फायदा मिळत नाही.

आता तंबाखू. निपाणीत बसून तंबाखूवर बोलणं सोपं नाही. शेत, वखार, विडी वळणाऱ्या बायांचे हात, पिढ्यान्‌पिढ्यांची चूल तिच्यावर पेटली. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक महामार्गावर बसले होते आणि गोळीबारात शेतकऱ्यांनी जीव गमावले, हे या भागाच्या आठवणीत पक्कं आहे. पिकाचा भाव हा हक्काचा प्रश्न आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण स्टेंट बसलेल्या माणसाने विडी ओढली की त्याच्या धमनीच्या आतल्या थराला तत्काळ इजा होते, धमनी आकसते आणि प्लेटलेट चिकट होतात. चुना लावून मळलेली तंबाखू आणि मशेरी ‘धूर नाही म्हणून चालते’ हा समजही सोडून द्या. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला. घरातली सासू-सून दोघी सकाळी मशेरी लावत असतील आणि सासूला स्टेंट असेल, तर डबा दोघींनी मिळून टाकावा. एकटीने सुटत नाही.

चालणं हे या सगळ्यातलं सगळ्यात स्वस्त औषध. चालताना हृदयाच्या धमन्यांतला प्रवाह वाढतो, भिंतीला लागणारी ओढ वाढते आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणारी यंत्रणा जागी होते. व्यायामाचा गुण यायला वजन घटावंच लागतं असं नाही, तो थेट भिंतीवर येतो. मनगटातून अँजिओप्लास्टी झाली असेल तर त्या हाताने काही दिवस जड उचलू नका. डॉक्टरांनी होकार दिला की दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि आठवड्यातून पाच दिवस, अर्धा ते पाऊण तास इथवर या. बेळगावात व्हॅक्सिन डेपोचं मैदान आहे, किल्ल्याचा तलाव आहे, खेड्यात मळ्याची वाट आहे. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग पुरे. उसाच्या तोडणीत किंवा वखारीत राबणारा म्हणेल, ‘आमचं काम हाच व्यायाम.’ पण वाकून ओझी उचलणं वेगळं आणि एका लयीत चालणं वेगळं. दोन्हींचा धमनीवरचा परिणाम सारखा नसतो.

‘ऑपरेशनशिवाय ब्लॉकेज विरघळवतो’ अशा जाहिराती शहरात जागोजागी दिसतात. पायांना पट्टे बांधून हृदयाच्या ठोक्याबरोबर फुगवण्याची ईईसीपी नावाची पद्धत खरी आहे. तिच्याने काही काळ प्रवाह वाढतो आणि ज्यांना ना स्टेंट शक्य ना बायपास, अशा काही रुग्णांची छातीची कळ कमी होते. तिच्याने अडथळा विरघळत नाही, स्टेंटमधला थरही जात नाही. तिच्या भरवशावर गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या माणसाकडून ताबडतोब उठून या.

पुन्हा त्रास झाला तर

रिस्टेनोसिस बहुधा पूर्वीच्याच दुखण्याच्या रूपाने परत येतो. स्टेंटनंतर तीन महिन्यांनी सौंदत्तीच्या डोंगरावर न थांबता चढून गेलेला माणूस सातव्या महिन्यात घराचा जिना चढताना थबकतो, छातीत दाटल्यासारखं होतं, जबड्यात किंवा डाव्या हातात ओढ लागते, बसलं की थांबतं. पित्त समजून गोळी घेत बसू नका. मधुमेहींना कळ जाणवतही नाही, नुसता दम लागतो किंवा घाम फुटतो. असं काही झालं की आठवडाभरात हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा. त्रास काहीच नसेल तर निव्वळ ‘बघून ठेवू’ म्हणून पुन्हा अँजिओग्राफी करायची गरज नसते. सीटी अँजिओग्राफीत ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या व्यासाचे स्टेंट बऱ्यापैकी दिसतात, बारीक स्टेंटमध्ये ती फसवू शकते.

पुन्हा अरुंद झालंच, तर ‘का झालं?’ हा प्रश्न आधी, दुसरा स्टेंट नंतर. जुना स्टेंट पुरता उघडला नव्हता म्हणून झालं असेल तर त्याच्या आत आणखी एक जाळी कोंबून उपयोग नाही, आधी जास्त दाबाच्या फुग्याने तो उघडावा लागतो. पेशींचीच वाढ असेल तर औषध लावलेला फुगा किंवा नवा औषधी स्टेंट चालतो. औषधी फुग्यात धातूचा आणखी एक थर वाढत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्याच जागी पुन्हा पुन्हा होत असेल तर बायपासचा विचार करावा लागतो. हे ठरवायला आयव्हस किंवा ओसीटीची इथे सगळ्यात जास्त गरज असते.

बसल्या जागी, पंधरा-वीस मिनिटांत न थांबणारी कळ आली तर हे रिस्टेनोसिसचं प्रकरण समजू नका. १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवू नका. हा क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो. निपाणीहून कोल्हापूर जवळ आणि बेळगाव जवळपास दुप्पट लांब, म्हणून चोवीस तास अँजिओप्लास्टी होणारं कोणतं रुग्णालय गाठायचं हे घरात आधीच ठरवून ठेवा. वाटेत फार वेळ जाणार असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच मिळू शकतं. कर्नाटकात पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेखाली सरकारी रुग्णालयांत ईसीजी आणि हे इंजेक्शन मोफत देण्याची सोय टप्प्याटप्प्याने झाली आहे. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ती सुरू आहे का, हे एकदा जाऊन विचारून या.

आपल्या भागातल्या रुग्णाची एक खास अडचण आहे. अँजिओप्लास्टी कोल्हापुरात, तपासणी बेळगावात, गोळ्या निपाणीच्या दुकानातून, आणि मुलगा पुण्याला. नव्या डॉक्टरसमोर फाइल नसेल तर तो अंदाजानेच बोलणार. दवाखान्याने दिलेल्या स्टेंट कार्डावर व्यास, लांबी, बॅच नंबर आणि कोणत्या धमनीत बसवला हे लिहिलेलं असतं. २०१७ पासून बिलातही स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच वेगळी दाखवणं रुग्णालयांना बंधनकारक आहे. ती दिसत नसेल तर मागून घ्या. अँजिओग्राफीची सीडी जपून ठेवा, तिची एक प्रत पेनड्राइव्हवर उतरवा. आणि त्या कार्डाचा, डिस्चार्ज कार्डाचा आणि चालू गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो आजच काढून घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलवर पाठवून ठेवा.